संगणकाचीही प्रकृती पाहावी

रायपूरमधील गुढियारीच्या घाऊक बाजारपेठेत दुकान बंद करताना रोकड मोजली जाते. मात्र ज्या संगणकात उधारीचा हिशेब असतो, त्याच्या प्रकृतीची चौकशी सहसा होत नाही. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर हार्ड डिस्कचे तापमान व स्थिती दाखविते. निळा रंग सुस्थितीचा, पिवळा सावधगिरीचा, तांबडा धोक्याचा. दरमहा ही पाहणी करणे व्यापाऱ्याच्या हिताचे आहे. तथापि, केवळ निळ्या रंगावर विसंबू नये. गूगलच्या २००७ मधील अभ्यासात, निकामी झालेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या नोंदींत, तापमान वगळता, बिघाडाची कोणतीही पूर्वसूचना आढळली नव्हती. म्हणून हिशेबाची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवणे अगत्याचे ठरते. सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. गमावलेला हिशेब पैसे मोजूनही परत मिळेलच असे नाही.