बोलेल की हळूहळू!

गेल्या दिवाळीत मावसबहिणीकडे फराळाला गेले होते. भाचा तेव्हा दीड वर्षाचा. घर पाहुण्यांनी भरलेलं आणि स्वारी मात्र कोपऱ्यात, खेळण्यातल्या गाडीचं चाक गरागरा फिरवण्यात दंग. मी तीनदा हाक मारली. ढिम्म! कुकरची शिट्टी झाली, तेव्हा मात्र लगेच वळला. पाणी हवं होतं, तर बोट दाखवलं नाही. ताईचा हात धरून तिला ओढत माठापाशी नेलं.

मावशी म्हणाली, "अगं, मुलगे उशिराच बोलतात. याचा बाबा तरी कुठे बोलायचा?" सगळे हसले. मीही हसले. मनात पाल चुकचुकली होती, पण सणाच्या दिवशी कोण बोलणार?

एप्रिलमध्ये ताईचा फोन आला. ऑटिझम.

आता डॉक्टरांकडून कळलेल्या गोष्टी तुम्हालाही सांगते. वर्षाचं बाळ नावाला ओ देत नसेल, टाटा करत नसेल. दीड वर्षाचं मूल 'ते बघ विमान!' म्हणत बोट दाखवत नसेल. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. आणि येत असलेले शब्द अचानक गेले, तर वय कुठलंही असो, लगेच दाखवा. एखाद्याच लक्षणावरून ऑटिझम ठरत नाही. आधी कानांची तपासणी होते. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी 'एम-चॅट' नावाची 20 प्रश्नांची यादी असते. ती निदान करत नाही, पुढे तपासायला हवं का एवढंच सांगते. पण थेरपी जितकी लवकर, तितकी मुलाला जास्त मदत.

आणि हो, आई ऑफिसला जाते म्हणून ऑटिझम होत नाही. लशीमुळेही नाही. तशी शंका पेरणारा 1998 सालचा शोधनिबंध 'लॅन्सेट'नं 2010 मध्ये मागे घेतला.

परवा ताईनं विचारलं, "तुला दिवाळीतच जाणवलं होतं ना? मग बोलली का नाहीस गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्याही मित्रमैत्रिणींकडे आता पाळणे हलताहेत. कुठे पाल चुकचुकली, तर उगाच डॉक्टरकी करू नका. आईला बाजूला घेऊन फक्त एवढंच विचारा, "हाक मारल्यावर वळतो का गं हा?" कदाचित तीही कुणीतरी विचारायचीच वाट बघत असेल.