कोर्टाची पायरी आणि मुलाचा पाय

मूल पडले, हाड मोडले, की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून जातो : ‘जिवावर आलं होतं, पायावर निभावलं म्हणायचं.’ त्या क्षणी हे वाक्य खरेच हवे असते. पण पंधरा दिवस जातात, औषधांच्या बिलांची जुडी जाड होते आणि मग घरात दुसरा प्रश्न हळू आवाजात विचारला जाऊ लागतो. चूक कोणाची होती? आणि कोणाची तरी होती, तर केस करायची का?

आमच्या कळंबमध्ये अलीकडेच हा प्रश्न मला एका परिचिताने विचारला. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा शाळेच्या मैदानावर खेळत असताना बिजागरीतून निखळलेले लोखंडी फाटक त्याच्या पायावर पडले. गुडघ्याच्या वर हाड मोडले. फाटक कित्येक दिवस तारेने बांधून ठेवलेले होते आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. मुलाला बार्शीला नेले, शस्त्रक्रिया झाली, उसाच्या बिलाचे आलेले पैसे त्यात गेले. बाप म्हणाला, ‘संस्थेचे लोक भावकीतलेच आहेत. केस केली तर तोंड कसं दाखवायचं?’ मुलाची आई एवढेच म्हणाली, ‘आणि पोराला रोज त्याच शाळेत धाडायचंय.’

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठवाड्याला सांगावी लागत नाही. बांधाच्या वादात दोन-दोन पिढ्या तारखा करताना आपण पाहिलेल्या आहेत. एसटीचे भाडे, वकिलाची फी आणि शेवटी हाती येणारी ‘पुढील तारीख’ हा हिशेब प्रत्येक गावाला पाठ आहे. पण ही म्हण ज्या भांडणांतून आली, ती मोठ्या माणसांची, अहंकाराची आणि वाटणीची भांडणे होती. तिथे माघार घेणारा स्वतःचे नुकसान सोसत असतो. मुलाच्या दुखापतीत बापाने माघार घेतली, तर नुकसान सोसणारा दुसराच असतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

अर्थात, प्रत्येक दुखापतीला गुन्हेगार शोधायचा नसतो. मुले झाडावर चढणार, पडणार. आट्यापाट्या खेळताना घसरून हात मोडला, तर त्याचा दावा कोणावर करणार? कायदाही अपघात आणि हयगय यांत भेद करतो. धोका आधी दिसत होता का, तो दूर करणे कोणाच्या हाती होते आणि साधी काळजी घेतली असती तर तो टळला असता का, एवढे तीन प्रश्न विचारले की बहुतेक वेळा उत्तर मिळते. आपल्या दुष्काळी भागात गावोगावी बोअर पाडलेले आहेत. कोरडे गेलेले बोअर उघडे टाकू नयेत, ते भरून घ्यावेत, काम चालू असताना कुंपण आणि फलक असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच दिले. त्यानंतरही कोणी तोंड उघडे ठेवले आणि त्यात मूल पडले, तर त्याला दैव म्हणणे म्हणजे दैवावर अन्याय करणे होय. तारेने बांधलेल्या फाटकाचेही तसेच आहे.

आता हक्काचा प्रश्न. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ ही अक्षरे आपण सर्वांनी पाहिलेली असतात. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे जमीन मुलाची, आई किंवा बाप फक्त सांभाळणारा. दुखापतीच्या दाव्यातही नेमके हेच नाते असते. दावा मुलाचा असतो, पालक त्याच्या वतीने उभा राहतो. म्हणूनच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३२ व्या आदेशाप्रमाणे, एकदा दावा दाखल झाला की न्यायालयाच्या परवानगीवाचून पालकाला मुलाच्या वतीने तडजोडही करता येत नाही. अज्ञान मुलाच्या जमिनीचा तुकडा विकताना आपण दहा वेळा विचार करतो. मग त्याच्या पायाच्या बाबतीत ‘जाऊ द्या, ओळखीचे आहेत’ असे एका बैठकीत कसे म्हणून टाकतो?

शिवाय मुलाची दुखापत मोठ्या माणसाच्या दुखापतीसारखी नसते. मुलाच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा भाग असतो. तिथे इजा झाली, तर पाय आखूड राहणे किंवा वाकडा वाढणे हे काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी उघड होते. अवयव गमावलेल्या मुलाला कृत्रिम अवयव वाढत्या वयाप्रमाणे पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. आज हातात पडलेले बिल हा खर्चाचा पहिला हप्ता असतो. न्यायालयांनाही हे उमगत गेले आहे. हरियाणात २००७ साली एक बारा वर्षांची मुलगी रस्ता-अपघातात आयुष्यभरासाठी परावलंबी झाली. न्यायाधिकरणाने तिला सुमारे ११ लाख रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते सुमारे २५ लाखांवर नेले, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाखांहून अधिक भरपाई ठरवली. त्यात तिची आयुष्यभर शुश्रूषा करणाऱ्या माणसांचा खर्चही धरला. दिल्लीच्या एका रुग्णालयात चुकीच्या इंजेक्शनाने एका बालकाच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मुलाची साडेबारा लाखांची आणि आईवडिलांची स्वतंत्र पाच लाखांची भरपाई कायम केली. मुलाबरोबर आईबापही जखमी होतात, ही गोष्ट कायद्याने तेव्हा मान्य केली.

पण दुसरी बाजू लपवून सल्ला देणे योग्य नाही. आपल्याच महाराष्ट्रातले जोशी विरुद्ध गोडबोले हे गाजलेले प्रकरण पाहा. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर गोडबोले यांच्या वीस वर्षांच्या मुलाचे मांडीचे हाड मोडले. पुण्याला उपचार चालू असताना तो दगावला. बापाने दावा लावला, तिन्ही न्यायालयांत जिंकला, आणि शेवटचा निकाल आला तो १९६८ मध्ये. पंधरा वर्षे, आणि नुकसानभरपाई तीन हजार रुपये! वैद्यकीय हलगर्जीच्या खटल्यांत हा निकाल आजही दाखल्यादाखल सांगितला जातो. पुढच्या असंख्य रुग्णांना त्याचा उपयोग झाला. त्या बापाला काय मिळाले, हे तोच जाणे. पंधरा वर्षांचा खटला घरातल्या माणसांना थकवतो, आणि मुलाच्या कानावर रोज त्याच दिवसाची उजळणी पडत राहते. लहान गावात तर फिर्यादी, आरोपी, साक्षीदार सगळे एकाच बाजारात भाजी घेतात.

म्हणून निर्णय ‘केस’ की ‘माफी’ असा दोन टोकांचा करू नये. मधल्या वाटा आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, लोकअदालतीत समझोता होऊ शकतो. रस्त्यावरच्या अपघातात बहुधा पैसे देते ती विमा कंपनी. समोरचा ट्रॅक्टरवाला ओळखीचा आहे म्हणून दावाच न करणे हा त्यामुळे नुसता गैरसमज ठरू शकतो. मात्र ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विमा चालू होता का, हे आधी पाहावे लागते. खड्डे आणि उघडी गटारे यांमुळे होणाऱ्या इजांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूला सहा लाख आणि जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. दवाखान्याच्या चुकीसाठी धाराशिवच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. शाळा ग्राहक कायद्यात येतात की नाही, याबद्दल मात्र मतभेद आहेत. तिथे दिवाणी दावा हीच सरळ वाट.

मुदतीचे भान हवे. दिवाणी दाव्यात अज्ञान मुलासाठी मुदतीची मोजणी अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू होते, पण त्यानंतर तीन वर्षांपेक्षा अधिक सवलत नाही. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. मोटार अपघाताच्या अर्जाला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची अट पुन्हा आली. तिला आव्हान दिले गेले असले, तरी त्या भरवशावर कोणी बसू नये. आणि मुदत असली तरी पुरावा थांबत नाही. फाटक आठवड्यात दुरुस्त होते, साक्षीदार बदलीवर जातो.

त्या परिचिताला मी जे सांगितले, ते इतकेच. खटला करायचा की नाही, हे आज ठरवू नका, पण कागद आजच गोळा करा. दवाखान्यात एमएलसीची नोंद झाली आहे का पाहा, एक्स-रे आणि बिले एका पिशवीत ठेवा, फाटकाचे फोटो काढा, पाहणाऱ्यांची नावे लिहून ठेवा. संस्थेला रीतसर पत्र द्या, पोच घ्या. त्यात राग नको, दोनच मागण्या हव्यात : मुलाच्या आजच्या व पुढच्या उपचारांचा खर्च आणि मैदानाची दुरुस्ती. ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर मात्र, चहा कितीही आग्रहाने पाजला तरी, सही करू नका. डॉक्टरांकडून पायाच्या वाढीबद्दल लेखी मत घ्या. पत्राला माणुसकीचे उत्तर आले, तर बरेच. न आले आणि डॉक्टरांनी पुढच्या खर्चाचा इशारा दिला, तर पायरी चढा. भावकी वर्ष-दोन वर्षांत बोलायला लागते, आखूड राहिलेला पाय मात्र जन्माचा सोबती होतो.

त्याच्या बायकोची शंका अधिक अवघड होती. मुलाला त्या शाळेत पाठवताना त्याच्यावर राग निघेल का? याला कायद्यात उत्तर नाही. पण त्या मैदानावर अजूनही दोन-तीनशे मुले खेळतात, आणि फाटक तारेनेच बांधलेले असेल तर उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी घरी प्लास्टर येईल. पत्र लिहिताना आणखी चार पालकांच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे एकट्या मुलाकडे कोणी बोट दाखवणार नाही, असे मी सुचवले. तिने तीन जणींची नावे लगेच सांगितली.

हा मुलगा एक दिवस अठरा वर्षांचा होईल. बिलांची ती पिशवी कपाटात त्याला सापडेल आणि तो विचारील, ‘तेव्हा तुम्ही काय केलंत?’ खटला केला, समझोता केला किंवा पूर्ण विचार करून सोडून दिला, यांपैकी कोणतेही उत्तर आईबापांना मान वर करून देता येईल. ‘लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसलो,’ हे उत्तर तेवढे त्याला द्यावे लागू नये.