मजुरी शोधण्याचीही असते

मंडळी, विहिरीवरची मोटर सुरू झाली नाही तर आपण ती लगेच उपसून काढतो का? आधी फ्यूज, स्टार्टर, केबल बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे! आमच्या किन्हीराजात काय किंवा शहरात काय, स्कॅनरवर 'पी ०२४३' दिसलं की "टर्बो गेला" म्हणून मोकळे.

टर्बो इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. दाब फार वाढू नये म्हणून थोडा धूर बाजूने सोडणारी झडप म्हणजे वेस्टगेट. बऱ्याच गाड्यांत तिच्यावर विजेच्या छोट्या सोलेनॉइडचा ताबा असतो. तो कोड सांगतो एवढंच, की या सोलेनॉइडच्या विजेच्या मार्गात बिघाड आहे. टर्बोबद्दल तो काहीच म्हणत नाही.

म्हणून आधी फ्यूज बघावा. प्लगमध्ये गंज, ओल आहे का, उंदराने वायर कुरतडली का, हे पाहावं. मग चावी ऑन करून प्लगपर्यंत वीज येते का ते मीटरने तपासावं. कॉइलचा रोध कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडावा. शेवटी कॉम्प्युटरपर्यंतची वायर.

याला तास-दोन तास लागतात. पण "नुसतं बघितलंस, त्याचे कसले पैसे?" असं आपणच मिस्त्रीला म्हणतो, आणि नव्या पार्टचे पैसे मात्र निमूट मोजतो. मग तो शोधत कशाला बसेल? गणितात आम्ही मास्तर रीतीलाही गुण द्यायचो. मिस्त्रीलाही द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.