करवंटीची तागडी

दिवाळीची सुटी लागली, फराळाचे डबे भरले, की घरोघरी आयांचा एकच प्रश्न असतो: "आता या पोरांना गुंतवायचे तरी कशात?" मग कुणी दुकानातून महागडे 'बुद्धिवर्धक' खेळ आणते, तर कुणी हाती मोबाईल देऊन मोकळी होते. भगिनींनो, या दोन्हींवाचून छान भागते, हे मी दौंड तालुक्यातल्या खुटबावला पाहिले.

पुणे-दौंड लोहमार्गावरचे हे लहानसे स्टेशन. तेथे आमच्या जाऊबाई राहतात. मागल्या दिवाळीत माझी भाची साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याबरोबर आली होती. चिरंजीव एक ते शंभर घडाघडा म्हणत. भाचीला त्याचा कोण अभिमान! जाऊबाईंनी कौतुकाने ऐकले आणि म्हणाल्या, "गुणाचं माझं बाळ! जा, सुपातले चार चिंचोके आण बरं." तो मूठभर घेऊन आला. भाचीचा चेहरा उतरला. आकडे नुसते जिभेवर होते.

जाऊबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी ओट्यावर सात पणत्या मांडल्या, त्याच्या हाती पाच वाती दिल्या. "एका पणतीत एकच वात हं." मन लावून त्याने वाती घातल्या आणि ओरडला, "आजी, दोन पणत्या उपाशी राहिल्या!" शिकवणी ती एवढीच. दुसऱ्या दिवशी ताटे मांडताना तो आपण होऊन माणसे मोजू लागला.

ही वाट ताराबाई मोडकांनी फार पूर्वी दाखवून ठेवली आहे. 1926 साली गिजुभाई बधेकांसह त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. माँटेसरीबाईंची साधने उत्तम, पण खेड्याला न परवडणारी. ताराबाईंनी शिंपले, खडे, पाने, बिया यांवर काम भागवले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. 1975 पासूनच्या सरकारी बालविकास केंद्रांनाही हेच नाव मिळाले.

आपल्या घरी एवढे तर सहज करता येईल:

तागडी: सारख्या आकाराच्या दोन करवंट्या दोऱ्यांनी काठीच्या दोन टोकांना टांगा व काठी मधोमध बांधून लोंबती ठेवा. एका लिंबाला किती चिंचोके लागतील? आधी मुलाला अंदाज सांगू द्या, मग तोलू द्या.

मोहरीचे शेत: किल्ल्यावर मोहरी पेरताना थोडी दोन करवंट्यांतल्या मातीतही पेरा. एकीला रोज पाणी शिंपडा, दुसरी कोरडी ठेवा. तीन-चार दिवसांत काय होते, ते मुलालाच सांगू द्या.

आवाजाच्या जोड्या: सहा सारख्या डब्या घ्या. दोहोंत तांदूळ, दोहोंत शेंगदाणे, दोहोंत खडे भरून झाकणे घट्ट लावा. वाजवून जोड्या लावायच्या, डोळे मिटून!

एक मात्र पक्के ध्यानात ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती बिया, खडे, शेंगदाणे देऊ नका. नाकात वा घशात गेले तर जिवावर बेतते. मोठ्यांच्या खेळाजवळही घरातले कुणी बसलेले हवे. खेळ संपला की चिंचोके मोजूनच डब्यात भरायचे, म्हणजे धोकाही टळतो आणि मोजणीही होते.

आणि अंदाज चुकला की लगेच "चूक!" म्हणून ओरडू नका. कोणती बाजू खाली गेली, एवढेच विचारा. बाकीचे तागडी सांगेल. या कामी घरातल्या पुरुषमंडळींनाही बसवा. चार दिवस सुटी त्यांनाही असतेच की!