रॅम्प बांधला, कॅटलॉगचे काय?

नॅकची समिती येणार म्हटले की कॉलेजांत धावपळ सुरू होते. पायऱ्यांशेजारी सिमेंटचा रॅम्प होतो, दारावर व्हीलचेअरचे निळे चित्र लागते आणि अहवालात दिव्यांगांच्या सोयींपुढे खूण केली जाते. पण नॅक त्याच ठिकाणी आणखीही विचारते: संस्थेची वेबसाइट दिव्यांगांना वापरता येते का? स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर आहे का? रॅम्पचा फोटो काढून जोडता येतो, या गोष्टींचा फोटो निघत नाही. म्हणून त्या मागे पडतात, आणि सगळ्यांत मागे पडतो तो ग्रंथालयाचा ऑनलाइन कॅटलॉग.

हा काही फक्त मोठ्या शहरातला प्रश्न नाही. उलट, आटपाडीसारख्या तालुक्यात तो जास्त टोचतो. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र. विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले तेच मुळी ग्रामीण भागातल्या मुलांपर्यंत उच्च शिक्षण पोहोचावे म्हणून. विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचे ग्रंथालय कोल्हापुरात आहे आणि आटपाडीहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब आहे. दिसत नसलेल्या मुलीला तिथे जायचे तर सोबत कोणीतरी हवे, दोघांचे एसटीचे भाडे हवे, सोबत येणाऱ्याचा रोजगार बुडतो. एवढे करून गेल्यावर कळावे की पुस्तक दुसऱ्या कोणी नेले आहे! पुस्तक आहे का, कपाटात आहे का, हे घरी बसून कळणे डोळस विद्यार्थ्याला सोयीचे असेल, तिच्यासाठी मात्र ते शिक्षणाचे दारच आहे.

'अंध माणूस कॉम्प्युटर कसा वापरणार?' असे अजूनही विचारणारे भेटतात. उत्तर सोपे आहे. स्क्रीन रीडर नावाचे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचते. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' असतेच. कॉम्प्युटरसाठी 'एनव्हीडीए' फुकट मिळते. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरांनी २००६ मध्ये त्याचे काम सुरू केले. ही साधने मराठीही वाचतात. म्हणजे साधन विद्यार्थ्याच्या हातात आहे. अडते ते समोरच्या पानावर. शोधाच्या चौकटीला नाव दिलेले नसते, त्यामुळे लेखकाचे नाव कुठे लिहायचे आणि पुस्तकाचे कुठे, हे ऐकून कळत नाही. बटणाच्या जागी नुसते चित्र असते, तर आवाज फक्त 'बटण' म्हणतो. मेनू माऊस वर नेल्याशिवाय उघडत नाही, तिथे हात थरथरणारा विद्यार्थीही अडकतो. फिकट राखाडी अक्षरे अल्पदृष्टी असणाऱ्याला दिसत नाहीत. लॉगिन करताना वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगतात आणि ऐकण्याचा पर्याय देत नाहीत. यातली एकही अडचण अंधत्वातून आलेली नाही. प्रत्येक अडचण कोणीतरी पान बनवताना निर्माण केलेली आहे.

मराठीत तर आणखी एक भिंत आहे, लिपीची. अनेक ग्रंथालयांनी मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन अक्षरांत केल्या आहेत, काहींच्या नोंदी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अडकल्या आहेत. माणदेशातल्या मुलीला आपल्याच मातीतली पुस्तके हवी आहेत असे समजा: व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', आटपाडीत जन्मलेल्या शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ'. देवनागरीत शोधले तर निकाल शून्य. रोमनमध्ये शोधायचे तर 'बनगरवाडी'त 'व्ही' की 'डब्ल्यू', मधे 'ए' किती, हे ती कशी ओळखणार? नोंद सापडलीच तर स्क्रीन रीडर ती इंग्रजी समजून असे काही उच्चारतो की कान टवकारूनही अर्थ लागत नाही. जुन्या फॉन्टमधली नोंद तर निव्वळ खुणांचा कचरा म्हणून ऐकू येते. उर्दू पुस्तकांचेही तेच: रोमनमध्ये गेलेले नाव वाचकाला आपले वाटत नाही आणि यंत्रालाही कळत नाही. म्हणजे मराठी-उर्दूची हेळसांड आणि दिव्यांगांची हेळसांड या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. नोंदी युनिकोडमध्ये, मूळ लिपीत झाल्या तर दोन्ही प्रश्न एका कामात हलतात.

यावर जी उत्तरे मिळतात ती ठरलेली आहेत. पहिले: 'आमच्याकडे असे विद्यार्थीच नाहीत.' दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव ठेवल्या आहेत. जागा राखायची आणि पुस्तकाचा रस्ता बंद ठेवायचा, मग विद्यार्थी येत नाहीत म्हणायचे, हा कुठला न्याय? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग मोजले गेले. ते सगळे कॉलेजच्या वयाचे नाहीत हे खरे, पण त्यांत शिकू इच्छिणारे कोणीच नाही असे म्हणण्याचे धाडस कोण करेल?

दुसरे उत्तर: 'मदतीला कर्मचारी आहेत, ते शोधून देतील.' कर्मचारी भले आहेत, पण ते रात्री दहाला आटपाडीच्या घरात नसतात. शिवाय काय वाचायचे हे दर वेळी दुसऱ्याला सांगावे का लागावे? एखाद्याला आपल्या आजारावर वाचायचे असेल, एखादीला घटस्फोटाच्या कायद्यावर. कपाटांमधून एकट्याने हिंडण्याचे जे स्वातंत्र्य आपण गृहीत धरतो, तेच इथे नाकारले जाते.

तिसरे उत्तर: 'सॉफ्टवेअर कंपनीचे आहे, आम्ही काय करणार?' ते विकत तुम्ही घेतले. निविदेत अट तुम्ही घालायची होती. 'कोहा'सारखे सॉफ्टवेअर तर मुक्त आहे, त्याची पाने हवी तशी बदलता येतात. आणि वेबसाइटच्या कोपऱ्यात अक्षर लहान-मोठे करणारी 'अ+ अ-' ही बटणे लावून काम झाले असे मानणे ही फसवणूक आहे. अक्षरे मोठी करायची सोय ब्राउझरमध्ये आधीच असते, आणि ज्याला दिसतच नाही त्याला मोठ्या अक्षरांचा काय उपयोग?

'हे आपल्याकडे कुठे जमते' असे म्हणणाऱ्यांना आटपाडीचाच इतिहास आठवून द्यावा लागेल. हा भाग औंध संस्थानात होता. त्या संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले आणि शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतींशिवाय ठेवले. ज्या मातीत बंदिवानाची भिंत पाडता आली, तिथल्या विद्यार्थ्यासमोर पुस्तकांची भिंत पाडता येत नाही, हे कसे पटावे?

कायदाही आता मोघम राहिलेला नाही. वेबसाइटवरची कागदपत्रे ई-पब किंवा मजकूर ओळखता येईल अशा पीडीएफमध्ये असावीत, हे २०१७ च्या नियमांतच होते. तरी प्रबंधांची नुसती छायाचित्रे काढून चढवली जातात आणि ती स्क्रीन रीडरला थेट मजकूर म्हणून वाचता येत नाहीत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचा नियम नुसता शिफारसवजा ठेवणे कायद्याशी विसंगत ठरवले आणि बंधनकारक नियम करण्याचे आदेश केंद्राला दिले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

जगातही हा प्रश्न लढून सुटला आहे. अमेरिकेत अंधांच्या राष्ट्रीय महासंघाने २०१० मध्ये पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाविरुद्ध सरकारकडे तक्रार केली. त्या तक्रारीत ग्रंथालयाचा कॅटलॉगही होता. पुढच्याच वर्षी विद्यापीठाला सुधारणांचा करार करावा लागला. कोणी दया दाखवली म्हणून नव्हे, तक्रार झाली म्हणून.

आपल्या समाजात दिव्यांग म्हटले की हात खिशाकडे जातो. जकात निघते, व्हीलचेअर वाटप होते, फोटो छापून येतो. ते चांगलेच आहे. पण देणगीने कॅटलॉग दुरुस्त होत नाही. समान नागरिकत्वाची मागणी आपण स्वतःसाठी करतो, तेव्हा ती सगळ्यांसाठी करण्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. शिवाजी विद्यापीठाने आणि संलग्न कॉलेजांनी आपापल्या कॅटलॉगची तपासणी दिव्यांग विद्यार्थ्यांकडून, त्यांना मानधन देऊन करून घ्यावी आणि अहवाल जाहीर करावा. मराठी, हिंदी, उर्दू नोंदी मूळ लिपीत, युनिकोडमध्ये कराव्यात. यापुढे सुगम्यतेच्या अटीशिवाय एकही सॉफ्टवेअर घेऊ नये. दाद मिळाली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी, आणि तपासणी झाली का, हे माहितीच्या अधिकारात विचारावे.

वाचकांनी एवढे करावे: आपल्या कॉलेजच्या कॅटलॉगसमोर बसून माऊस बाजूला ठेवा. फक्त टॅब आणि एंटर वापरून एक पुस्तक शोधा. मग स्क्रीन रीडर सुरू करून, डोळे मिटून तेच पुन्हा करा. जिथे अडाल ती जागा लिहून काढा आणि तो कागद ग्रंथपालांच्या हाती देऊन पोच घ्या.