नंबर नसलेली ट्रॉली

आमच्या खालूंनी गेल्या वर्षी एक जुनी ट्रॉली घेतली. अचलपूर तालुक्यात संत्र्याची बाग असलेल्या माणसाला ट्रॉलीशिवाय चालत नाही. शेणखत न्यायचे, फवारणीच्या टाक्या न्यायच्या, कापूस जिनिंगवर पोहोचवायचा. व्यवहार आपल्याकडे होतो तसाच झाला. चाके पाहिली, पाटे पाहिले, तळाचा पत्रा हाताने ठोकून पाहिला, चहा झाला, पैसे दिले. कागद म्हणाल तर वहीचे एक पान, विकणाऱ्याची सही आणि "हिशेब पूर्ण" एवढे दोन शब्द.

पुढे कापूस नेताना रस्त्यात अडवले गेले. ट्रॉलीची कागदपत्रे विचारली. खालूंनी मागच्या फळीवर रंगवलेला नंबर दाखवला. तो ट्रॅक्टरचा होता.

इथे बहुतेकांची गल्लत होते. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. इंजिन नसले तरी ट्रॉली हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. कलम 61 प्रमाणे नोंदणीचे नियम तिलाही लागू आहेत. ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर ट्रॉलीवर लिहावा लागतो हे खरे, पण त्यामुळे ट्रॉलीची स्वतःची नोंदणी झाली असे होत नाही.

खालू नोंदणीला गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आले, चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा आणा. कागद ठेवून वर पेन्सिल घासली की धातूत कोरलेले आकडे उमटतात, तो ठसा. खालूंनी दोन दिवस पॉलिश पेपरने हुकापासून एक्सलपर्यंत सगळी दांडी घासली. रंगाचे तीन थर निघाले. खाली आकडा नव्हता, रिव्हेटची चार भोके होती. कधीतरी तिथे पट्टी असावी. पट्टी गंजून पडली, की कुणी काढली, की त्या पट्टीवर फक्त वर्कशॉपचे नाव होते, आता कोण सांगणार?

टेबलामागच्या माणसाची मी चूक मानत नाही. चोराला ट्रॉलीइतका सोपा माल नाही. ना किल्ली, ना इंजिन. हुक अडकवला की निघाले. नंबर नसलेली वस्तू डोळे झाकून एखाद्याच्या नावे केली, तर उद्या कुणा गरीब शेतकऱ्याची चोरीला गेलेली ट्रॉली सरकारी शिक्क्यानिशी दुसऱ्याची होईल. परवानगीशिवाय आपणच नंबर ठोकून घेण्याचा सल्ला देणारे 'जाणकार' गावोगावी आहेत. त्यांच्यापासून लांब राहा. त्या ठोक्याने प्रामाणिक माणूसही चोर दिसू लागतो.

माझी तक्रार वेगळी आहे. नव्या ट्रॉलीची नोंदणी करताना विक्रीचा नमुना 21 लागतो, वाहन रस्त्यायोग्य असल्याचा नमुना 22 लागतो, शिवाय ट्रॉलीचे डिझाइन मंजूर असल्याचा कागद लागतो. हे सगळे देणे बनवणाऱ्याच्या हातात असते. वेल्डिंगच्या शेडमध्ये चॅनेल आणि जुना एक्सल जोडून ट्रॉली उभी करणारा कारागीर यातले काहीच देत नाही. पहिला मालक मागत नाही, दुसरा विचारत नाही. तिसऱ्या हातात गेल्यावर रस्त्यावर जाब द्यावा लागतो तो तिसऱ्याला.

आणि हा फक्त दंडाचा प्रश्न नाही. 4 एप्रिल 2025 रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात मजूर बायांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. वसमत तालुक्यातील गुंज गावच्या सात बायका गेल्या. आपल्या वऱ्हाडातही निंदणीला, वेचणीला बाया अशाच बसून जातात. मुळात माल वाहायच्या ट्रॉलीत माणसे बसवूच नयेत, हे आधी. पण रस्त्याने जाणारा कुणी ट्रॉलीखाली आला, तर त्याच्या घरच्यांना भरपाई कुठून मिळेल? नोंदणी नाही म्हणजे त्या ट्रॉलीचा तिच्या नंबरवर विमा नाही. मग दावा वर्षानुवर्षे चालतो आणि खेपा त्याच्या विधवेला घालाव्या लागतात.

आता थोडे आपल्या घरचे. 2019 साली नागरिकत्वाची चर्चा सुरू झाली तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत आजोबांचे शाळेचे दाखले शोधले गेले, आधारवरचे स्पेलिंग दुरुस्त झाले, पॉलिथिनच्या पिशवीत घालून सगळे पेटीत गेले. तीच माणसे ट्रॉली, जुनी दुचाकी, कधी तर प्लॉटसुद्धा 'जबान'वर घेतात. रस्त्यात चालकाचे नाव ऐकल्यावर प्रश्न दोन जास्त होतात, हा अनुभव आपल्याला आहे. मग तर कागद आणखी नीट हवा. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकरातील 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. रोखीच्या खरेदीत लिहिण्याची सक्ती तिथे नाही, पण साक्षीदार ठेवायला सांगितले आहे. लिहिणाऱ्याने लिहायला नकार देऊ नये, असेही त्याच आयतीत आहे.

हे दुसरे वाक्य मला सरकारपुढेही ठेवावेसे वाटते. लायसन्ससाठी तालुक्याच्या गावी शिबिरे होतात. वर्षातून एक शिबीर जुन्या ट्रॉलींसाठी घ्या. तिथे ट्रॉली तपासा, चोरीच्या तक्रारींशी ताडून पाहा, गावात नोटीस लावा, हरकतीला मुदत द्या. कुणी पुढे आले नाही तर कार्यालयानेच नंबर ठोकून द्यावा. बनवणाऱ्या शेडवाल्यालाही साधा परवडेल असा मंजुरीचा मार्ग हवा, नाहीतर दरवर्षी नव्या बेनामी ट्रॉल्या रस्त्यावर येतच राहतील.

तोवर जुनी ट्रॉली पाहायला जाताना खिशात कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा. आधी ठसा, मग बयाणा. नोंदणी असेल तर नमुना 29 आणि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या त्याच दिवशी घ्या.

खालूंची ट्रॉली सध्या गोठ्यामागे उभी आहे. विकणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र मिळाले. ज्या शेडमध्ये ती बनली तिथे आता मोबाइलचे दुकान आहे, तिथल्या पोराला काही माहीत नाही. यंदाची संत्री भाड्याच्या गाडीने जातील.