‘शाश्वत शिकारी’चे गणित आणि अरबी समुद्र

देवमाशांची संख्या मोजावी, वार्षिक वाढ काढावी आणि तिच्या आतच शिकार ठेवावी, की ती ‘शाश्वत’ ठरते! जपान २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगातून बाहेर पडला, तो याच युक्तिवादाच्या आधारे. कागदावर हे गणित चुकीचे नाही. प्रश्न आहे तो त्यात आकडे भरणाऱ्याचा.

अरबी समुद्रातील हंपबॅक व्हेल इतर भाईबंदांप्रमाणे ध्रुवीय समुद्राकडे स्थलांतर करीत नाहीत. ते वर्षभर येथेच राहतात. नोव्हेंबर १९६६ मध्ये ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांलगत सोव्हिएत ताफ्यांनी त्यांतील सुमारे २४० मारले. सोव्हिएत संघ आयोगाचा सदस्य होता, तरीही ही शिकार दडवली गेली. ती उघड झाली ते संघ कोसळल्यावर, तेथीलच जीवशास्त्रज्ञांमुळे. दक्षिण गोलार्धात तर त्याने २,७१० हंपबॅक मारल्याचे कळवले होते; प्रत्यक्षात ४८,०००हून अधिक मारले गेले. अशा नोंदींवर शिकारीची मर्यादा ठरवणे याला विज्ञान म्हणायचे काय?

आता देखरेख कडक आहे, असे उत्तर मिळते. असेलही. परंतु हंपबॅकची मादी साधारणतः दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू देते. मोजणीतली चूक कळेपर्यंत ती दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असते. अरबी समुद्रातील या हंपबॅकची संख्या आज शंभराहूनही कमी असावी, असा अंदाज आहे. तेथील शिकार थांबून अनेक दशके लोटली आहेत.